श्रीमती हंसा मेहता : मुंबईच्या विधिमंडळापासून मानवी हक्क आयोगापर्यंत

दरवर्षी १० डिसेंबर हा दिवस मानवी हक्क दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी शाळेत संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याचे पहिले कलम वाचून दाखविण्याची प्रथा काही शिक्षक जाणीवपूर्वक सांभाळतात. सर्व मानव जन्मतः स्वतंत्र असून प्रतिष्ठा व हक्क यांबाबत समान आहेत, असा त्या कलमाचा आशय आहे. घोलवडच्या किंवा बोर्डीच्या वर्गात बसलेल्या मुलीला हे वाक्य ऐकताना अडखळण्याचे कारण नसते. आपल्या भाषेत माणूस म्हटले की त्यात बाईमाणूसही येते आणि पुरुषमाणूसही येते. इंग्रजीत मात्र तसे नव्हते. ज्या भाषेत या जाहीरनाम्याचा मसुदा प्रथम आकारास आला, त्या भाषेत 'मेन' या एकाच शब्दाचा अर्थ 'माणसे' असाही होतो आणि 'पुरुष' असाही होतो. मसुद्यात तोच शब्द होता. तो बदलून 'ह्यूमन बीइंग्ज' म्हणजे 'मानवप्राणी' हा निःसंदिग्ध शब्द यावा यासाठी ज्यांनी आग्रह धरला, त्यांत अग्रभागी होत्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळातील एक सदस्या, श्रीमती हंसा जीवराज मेहता.

डहाणू तालुका त्या वेळी याच मुंबई प्रांताच्या ठाणे जिल्ह्यात मोडत होता. हंसाबेन घोलवडला येऊन राहिल्या होत्या, असा दावा येथे करावयाचा नाही. तथापि ज्या विधिमंडळात त्या बसत, त्याच विधिमंडळाचे कायदे या पट्ट्यास लागू होते. ज्या वर्षांत त्या न्यूयॉर्क व जिनीव्हा येथे दास्यमुक्तीच्या व समतेच्या कलमांवर चर्चा करीत होत्या, त्याच वर्षांत झरी, तलासरी व डहाणूच्या जंगलपट्टीत तीच कलमे निराळ्या भाषेत मांडली जात होती. हे दोन प्रवाह शेजारी ठेवून पाहिले म्हणजे हंसाबेनच्या कार्याचे मोल कळते, आणि त्याची मर्यादाही ध्यानात येते.

घराणे व जडणघडण

हंसाबेनचा जन्म ३ जुलै १८९७ रोजी सुरत येथे झाला. आजोबा नंदशंकर मेहता हे गुजरातीतील पहिल्या कादंबरीचे कर्ते. वडील मनुभाई मेहता हे बडोदे कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुढे सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोदे संस्थानचे दिवाण झाले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये आणि मुलींच्या शाळा यांविषयी बडोद्याची त्या काळातील ख्याती सर्वश्रुत आहे. अशा वातावरणात वाढलेल्या या मुलीने १९१८ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवी संपादन केली आणि १९१९ मध्ये पत्रकारिता व समाजशास्त्र यांच्या अभ्यासासाठी इंग्लंड गाठले. तेथे सरोजिनी नायडू यांचा परिचय झाला. १९२० साली जिनीव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्री-मताधिकार परिषदेस त्या सरोजिनीबाईंसमवेत उपस्थित राहिल्या. ज्या जिनीव्हात सत्तावीस वर्षांनी त्या भारताच्या प्रतिनिधी म्हणून बसणार होत्या, त्या शहराशी त्यांची पहिली ओळख अशी झाली.

१९२४ साली त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी विवाह केला. डॉ. मेहता पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. या विवाहात वधू नागर ब्राह्मण व वर वैश्य होता. त्या काळी उच्चवर्णीय समाजाला हे सहज पचणारे नव्हते. ज्ञातीचा रोष पत्करून स्वतःच्या पसंतीने केलेले हे लग्न होते. विवाहविषयक समान हक्कांबद्दल त्या पुढे बोलल्या तेव्हा त्यामागे नुसते पुस्तकी ज्ञान नव्हते, हे येथे नमूद करणे उचित होईल.

आणखी एक गोष्ट चरित्रकार बहुधा ओझरती सांगून पुढे जातात. हंसाबेन भाषांतरकार होत्या. वाल्मीकी रामायणाचे काही भाग त्यांनी संस्कृतातून, तर शेक्सपिअरची 'हॅम्लेट' व 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' ही नाटके आणि गलिव्हरची सफर इंग्रजीतून गुजरातीत आणली. मुलांसाठीही विपुल लिहिले. एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत नेताना काय सांडते आणि काय शिरते, याची जाण भाषांतरकाराला असते. 'मेन' या शब्दावर त्यांची नजर अडली, यात या व्यासंगाचा वाटा असावा असे प्रस्तुत लेखकास वाटते.

राखीव जागा नाकारणारी उमेदवार

त्यांच्या सार्वजनिक कार्याचा आरंभ शिक्षणाच्या क्षेत्रातून झाला. १९२६ साली त्या मुंबईच्या शाळा समितीवर निवडून आल्या. १९३० च्या कायदेभंगात देशसेविका संघाच्या स्वयंसेविकांसह परदेशी कापडाच्या व दारूच्या दुकानांवर त्यांनी निदर्शने केली आणि कारावास भोगला. १९३२ मध्ये पती-पत्नी दोघांनाही पुन्हा अटक झाली.

१९३५ च्या कायद्याने स्त्रियांचा मताधिकार काहीसा विस्तारला, परंतु तो देण्याची रीत विचित्र होती. अनेक स्त्रियांना मत मिळे ते मतदार पुरुषाची पत्नी किंवा विधवा या नात्याने. म्हणजे मत बाईचे असले तरी त्याचे मूळ पतीच्या मालमत्तेत होते. अखिल भारतीय महिला परिषदेने या तरतुदीस विरोध केला, आणि राखीव जागांसही विरोध केला. मागणी एकच होती : प्रौढ मताधिकार, स्त्री-पुरुष भेद न करता. हंसाबेन या परिषदेच्या आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या. १९३७ च्या निवडणुकीत त्यांनी महिलांसाठीच्या राखीव जागेवर उभे राहण्याचे नाकारले, सर्वसाधारण जागेवरून निवडणूक लढविली आणि त्या मुंबई विधान परिषदेत निवडून आल्या. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात शिक्षण व आरोग्य या विषयांसाठी संसदीय चिटणीस म्हणून १९३९ पर्यंत त्यांनी काम पाहिले.

याच खेर मंत्रिमंडळाने प्रांतातील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९३७ साली सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक केली होती. ठाणे जिल्ह्यातील वेठ, सावकारी आणि जमीनदारी जुलूम यांचे चित्र सरकारी कागदावर स्पष्टपणे उमटले ते त्या अहवालामुळे. कागदावर उमटले, इतकेच. जंगलपट्टीत काही बदलण्यास आणखी काही वर्षे जावी लागली.

१९४५-४६ मध्ये हंसाबेन महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या. त्यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय स्त्रीच्या हक्कांची व कर्तव्यांची सनद तयार झाली. मताधिकार, शिक्षण, समान कामास समान वेतन, मालमत्तेत हक्क, विवाहाच्या कायद्यात समता अशा मागण्या तीत होत्या. संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा त्यानंतर दोन वर्षांनी आला, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मानवी हक्कांची कल्पना आपल्याकडे पश्चिमेकडून आयत्या वेळी आली, असे म्हणणाऱ्यांनी या सनदेची तारीख पाहावी.

एका शब्दाची दुरुस्ती

१९४६ साली संयुक्त राष्ट्रांनी स्त्रियांच्या दर्जाविषयी एक उपआयोग नेमला. त्यावर हंसाबेननी भारताच्या वतीने काम केले. लगोलग त्याचे पूर्ण आयोगात रूपांतर झाले व तेथे भारताच्या सदस्या म्हणून बेगम शरीफा हमीद अली गेल्या. हंसाबेनची नियुक्ती मानवी हक्क आयोगावर झाली. १९४७ च्या जानेवारीत न्यूयॉर्कजवळील लेक सक्सेस येथे या आयोगाची पहिली बैठक भरली. अठरा सदस्य-राष्ट्रांच्या या आयोगात स्त्रिया दोनच : अध्यक्षा श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट आणि भारताच्या श्रीमती मेहता.

गंमत अशी की, शब्दाच्या प्रश्नावर या दोघींचे मत एक नव्हते. 'मेन' म्हणजे सर्व मानव हे इंग्रजीत रूढच आहे, त्यातून कोणी स्त्रियांना वगळणार नाही, अशी रूझवेल्टबाईंची धारणा होती. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच शब्दाने लिहिला गेला होता व त्यांच्या कानास तो परिचित होता. हंसाबेनची हरकत अशी की, हा शब्द, तसेच सर्वांनी परस्परांशी भावांप्रमाणे वागावे ही वाक्यरचना, स्त्रियांना वगळणारी म्हणून वाचली जाऊ शकते. त्या ज्या देशातून आल्या होत्या तेथे कायद्यातील शब्दाचा संकुचित अर्थ लावून हक्क नाकारण्याचा अनुभव जुना होता. कचेरीत काम केलेल्या कोणत्याही वाचकास हे पटेल. नियमात जे स्पष्ट लिहिलेले नाही, ते अर्जदाराला गृहीत धरता येत नाही.

स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगानेही हीच मागणी उचलून धरली. डेन्मार्कच्या बोडिल बेगट्रुप, डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या मिनर्व्हा बर्नार्डिनो आणि आमसभेच्या समितीत भारताच्या लक्ष्मी मेनन यांनीही जाहीरनाम्यात स्त्रियांचा समावेश स्पष्ट शब्दांत व्हावा म्हणून झगडा केला. श्रेय एकट्या हंसाबेनना देणे म्हणूनच न्याय्य होणार नाही. परंतु मसुदा जेथे घडत होता त्या खोलीत, अठरांमध्ये दोघी आणि त्या दोघींतही मतभेद, अशा स्थितीत हरकत नोंदवून तिचा पाठपुरावा करणे हे त्यांचे काम होते व ते त्यांनी केले. १९४८ च्या मसुद्यात पहिले कलम बदललेल्या शब्दासह आले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे आमसभेने जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारला. आठ राष्ट्रे तटस्थ राहिली.

दुरुस्ती पूर्ण झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. पहिल्याच कलमाच्या शेवटी 'बंधुभाव' राहिलाच. वेतनाच्या २३ व्या व राहणीमानाच्या २५ व्या कलमात इंग्रजी मजकूर आजही 'त्याला स्वतःला व त्याच्या कुटुंबाला' असाच बोलतो. कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष, हे गृहीत तेथे तसेच बसून आहे. शिक्षकांनी वर्गात हे दोन्ही मजकूर मुलांसमोर ठेवावेत. एका मोठ्या दस्तऐवजातील झालेली दुरुस्ती आणि राहून गेलेली दुरुस्ती शेजारी शेजारी पाहणे हा नागरिकशास्त्राचा उत्तम पाठ आहे.

हंसाबेनचे दुसरे काम कमी प्रसिद्ध, पण प्रशासनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. जाहीरनामा हा केवळ सदिच्छेचा कागद राहू नये, हक्कभंगाची तक्रार ऐकण्याची व दाद देण्याची यंत्रणा असावी, अशी भारताची भूमिका होती. १९४७ च्या डिसेंबरात जिनीव्हा येथील बैठकीत अंमलबजावणीचा विचार करण्यासाठी जो कार्यगट नेमला गेला, त्याच्या अध्यक्षा हंसाबेन होत्या. मोठ्या राष्ट्रांना अशी यंत्रणा गैरसोयीची होती. त्यामुळे त्या वेळी ती उभी राहिली नाही. पुढे १९५० मध्ये त्या मानवी हक्क आयोगाच्या उपाध्यक्षा झाल्या आणि त्यानंतर युनेस्कोच्या कार्यकारी मंडळावरही त्यांनी काम केले.

घटना परिषदेत

याच काळात त्या घटना परिषदेच्या सदस्या होत्या, आणि मूलभूत हक्कांच्या उपसमितीवर राजकुमारी अमृत कौर व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासमवेत काम करीत होत्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीच्या सभेत भारतीय स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज घटना परिषदेस अर्पण करण्याचा मान त्यांना मिळाला. समान नागरी कायदा न्यायालयामार्फत अमलात आणता येईल अशा हक्कांत यावा, या मताची भिन्नमतपत्रिका त्यांनी मिनू मसानी व अमृत कौर यांच्यासह जोडली होती. हिंदू संहिता विधेयकाच्या बाजूने त्या सभागृहात बोलल्या.

१९ डिसेंबर १९४६ च्या त्यांच्या भाषणाचा आशय पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावा. स्त्रियांच्या संघटनांनी राखीव जागा, ठराविक वाटा वा स्वतंत्र मतदारसंघ कधीच मागितले नाहीत. मागितला तो सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय, असे त्यांनी सांगितले. १९३७ च्या उमेदवारीतही त्यांचे हेच धोरण होते.

या धोरणाचा इतिहासाने वेगळा निकाल दिला. स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीच्या १९७४ च्या अहवालातही विधिमंडळातील राखीव जागांविषयी एकमत झाले नव्हते. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने हे प्रमाण देशभर किमान एक-तृतीयांश झाले. २०११ मध्ये महाराष्ट्राने ते निम्म्यावर नेले. २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांतही एक-तृतीयांश जागांची तरतूद केली. हंसाबेन चुकल्या काय? दिवाणाची कन्या, पदवीधर, परदेशी शिकलेली, नामांकित डॉक्टरांची पत्नी, अशा उमेदवारास सर्वसाधारण जागेवरून निवडून येणे कठीण असले तरी अशक्य नव्हते. डहाणूच्या पाड्यावरील वारली स्त्रीस तोच मार्ग खुला होता, असे कोणी म्हणू शकणार नाही. सवलत नको, न्याय हवा, हे म्हणणे स्वाभिमानाचे होते. परंतु न्याय पाड्यापर्यंत पोहोचण्यास जागा राखूनच सुरुवात करावी लागली.

झरी, बोर्डी, कोसबाड

२३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली एकत्र आले. हे गाव तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते व आता तलासरीत आहे. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्या काळी 'लग्नगडी' नावाची पद्धत होती. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेणारा तरुण त्या कर्जापोटी त्याचा गडी होई, आणि त्याच्याबरोबर नवविवाहित पत्नीही त्याच दास्यात जाई. कर्ज नवऱ्याचे असले तरी बायकोच्या श्रमाची आणि देहाची मालकी गृहीत धरली जात असे. जाहीरनाम्याचे चौथे कलम दास्याचा निषेध करते आणि सोळावे कलम विवाहात स्त्री-पुरुषांस समान हक्क देते. लग्नगडी पद्धतीत या दोन्ही कलमांचा भंग एकाच व्यवहारात होत होता. ती कलमे लिहिली जाण्यापूर्वीच झरीच्या सभेने तो व्यवहार नाकारला होता. या लढ्याच्या आठवणी गोदावरीबाईंनी १९७० मध्ये ज्या पुस्तकात लिहिल्या, त्याचे नाव 'जेव्हा माणूस जागा होतो' असे आहे. नावातील शब्द पुन्हा 'माणूस' हाच आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस घोलवड स्थानकावर उतरून ताराबाई मोडक बोर्डीस आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. ताराबाई १९४६ पासून मुंबईच्या विधानसभेच्या सदस्या होत्या. म्हणजे विधिमंडळाच्या दोन सभागृहांत शिक्षणाला वाहिलेल्या या दोघी एकाच काळात होत्या. एकीने न्यूयॉर्कची वाट धरली, दुसरीने कोसबाडच्या टेकडीची. आदिवासी मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, गुरामागे गेले असेल तर कुरणात न्यावी, हा कोसबाडचा प्रयोग शिक्षकवर्गास परिचित आहे. धाकटे भावंड सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुलीला ही सोय नसती तर अक्षर दिसले नसते. हंसाबेननीही १९४६ मध्ये महर्षी कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे कुलगुरुपद स्वीकारले आणि १९४९ ते १९५८ या काळात त्या बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू होत्या. सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाचे ते पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. ४ एप्रिल १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

सातबारावरील नाव

हंसाबेननी ज्याचा पुरस्कार केला, त्या हिंदू वारसा कायद्याने १९५६ मध्ये स्त्रीस मालमत्तेचा हक्क दिला व २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा मिळाला. परंतु या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात असे आहे की, केंद्र शासनाने अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू नाही. डहाणू व तलासरीतील बहुसंख्य स्त्रियांना म्हणूनच रूढीवर अवलंबून राहावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या डिसेंबरात ही तरतूद बदलण्याचा विचार करावा असे केंद्र शासनास सुचविले. १७ जुलै २०२५ च्या निकालात, विरुद्ध रूढी सिद्ध होत नसेल तर आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा नाकारणे समतेच्या हक्काचा भंग ठरते, असे त्याच न्यायालयाने म्हटले. रूढी अशीच आहे असे सांगून फेरफार अडविला जातो तेथे तलाठी व पंचायत सदस्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

वनहक्कांबाबत तरतूद अधिक थेट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) नुसार दावेदार विवाहित असल्यास हक्काची नोंद पती व पत्नी या दोघांच्या नावे करावयाची असते. नुसत्या पतीच्या नावे तयार झालेले दाव्याचे कागद ग्रामसभेपुढे आले तर ते तेथेच दुरुस्त करून घेता येतात. या कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांनी होते आणि उपस्थितांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. तेव्हा दाव्यांचा ठराव मांडण्यापूर्वी सचिवाने उपस्थितीपत्रकावरील स्त्रियांच्या सह्या व अंगठे निराळे मोजावेत, आणि संख्या भरत नसेल तर सभा तहकूब करून पाड्यांवर पुन्हा दवंडी द्यावी.